एक रिंग, एक चिंचोका

बोईसरला होतो ती पाच वर्षं माझं रात्रीचं जेवण एका चिंचोक्यावर अवलंबून होतं. चिंचोका पडला तर भात, आमटी, तळलेला मासा. नाही पडला तर स्टेशनबाहेरचा वडापाव. चिंचोका पाडायचा की नाही हे मेसवाली मावशी ठरवायची, आणि तिला ते सांगायचा तिचा उघडमिटीचा फोन. तो फोन मी तिला बोलण्यासाठी कानाला लावताना कधीही पाहिलं नाही. एकदा पाहिलं, पण तेव्हा तिच्या कानात पाणी गेलं होतं आणि फोन चार्जिंगवरून काढल्यामुळे गरम होता.

मी मूळचा बार्शीकडचा. केमिस्ट्रीची पदवी घेतली आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये चिकटलो. खोली मिळाली, गादी मिळाली, जेवणाचं काय? खोलीतल्या जुन्या माणसाने मला मावशीकडे नेलं. मावशी चुलीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या शेगडीपुढे बसली होती. तिने माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. तिने विचारलं, नंबराचे शेवटचे तीन आकडे काय. मी म्हणालो, सहाशे बारा. ती म्हणाली, "साशे बारा. मासं खातोस ना?" मी म्हणालो, नाही. त्यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढच्या महिन्यात मी खायला लागलो.

तेव्हापासून मी साशे बारा. माझं खरं नाव तिला शेवटपर्यंत कळलं असेल असं वाटत नाही. आमच्यात एक चारशे सात होता, एक दोनशे होता, एक बिहारचा वेल्डर शून्य शून्य नऊ होता, त्याला ती नुसतं "नऊ" म्हणायची. फोनमध्ये तिने एकही नाव भरलेलं नव्हतं. एकदा मी हौसेने म्हणालो, मावशी, दे, सगळ्यांची नावं घालून देतो. ती म्हणाली, नावं काय, एका नावाची चार माणसं असतात. माझ्या डोक्यात हाय ते त्या डबीत कशाला घालायचा.

आता नियम. चार ते पाच या वेळात तिला एक मिसकॉल द्यायचा. एकच रिंग, आणि तोडायचा. याचा अर्थ, मी रात्री जेवायला येतोय. बरोबर पाहुणा असेल तर दोनदा. दोन पाहुणे असतील तर तीनदा. मिसकॉल नसेल तर ताट नाही, मग तुम्ही साक्षात कंपनीचे मालक असा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिलेला मिसकॉल मागे घ्यायची सोय नव्हती. "येत नाही" असं सांगणारी खूण तिने ठेवलीच नव्हती. फोन ती उचलायची नाही, मेसेज तिला वाचता यायचा नाही. येतो म्हणालास ना? मग ये.

आम्ही तिला शंभर वेळा समजावलं की मावशी, आता जमाना बदलला, बोलणं फुकट झालंय, फोन उचल आणि विचार काय हवं ते. त्यावर तिचं एक उत्तर ठरलेलं होतं. "तुमचा बोलणा फुकट हाय रे. माझा ऐकणा फुकट नाय." आणि खरंच, तीस माणसं तासाभरात आपापली हकीकत सांगू लागली तर मासे कधी साफ करायचे?

चार वाजले की एक सोहळाच असायचा. फोन कमरेच्या पिशवीतून बाहेर यायचा आणि एका स्टीलच्या पातेलीत जाऊन बसायचा, म्हणजे तो वाजला की घुमतो. शेजारी एक वाटी, आणि चिंचोक्यांनी भरलेली बरणी. फोन एकदा वाजून तुटला की मावशी कोपराने, नाहीतर हनुवटीने तो उघडायची, कारण हात कायम माशात नाहीतर पिठात. आकडे बघायची, मोठ्याने म्हणायची, "दोनशे." मग तिचा नवरा बरणीतून एक चिंचोका उचलून वाटीत टाकायचा. पाच वाजले की फोन टक्कन मिटायचा. वाटीतले चिंचोके मोजायचे, आणि माणशी एक ओंजळ तांदूळ. रात्री जो जेवायला बसेल त्याचा चिंचोका वाटीतून परत बरणीत. म्हणजे वाटीत नजर टाकली की किती माणसं यायची राहिलीत ते कळायचं. मी लॅबमध्ये लाखो रुपयांच्या यंत्रांवर काम केलंय, पण इतकं साधं आणि इतकं न चुकणारं काही पाहिलं नाही.

तिच्या नवऱ्याला आम्ही काका म्हणायचो. हा मनुष्य पूर्वी किनाऱ्यावरच्या दांडी गावात दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. पाठ गेली तेव्हा बोट सुटली, आणि दोघं बोईसरला आली. काका दिवसातून वीसेक शब्द बोलत, तेही लसूण सोलता सोलता. पण नियम त्यांनाही लागू होता. चार वाजता काका चिंचोक्यांच्या बरणीशेजारी बसलेले, मावशी त्यांच्यापासून दोन हातांवर, आणि काका खिशातून स्वतःचा फोन काढून मावशीला मिसकॉल द्यायचे. पातेलीत घुमायचा. मावशी उघडून बघायची आणि गंभीरपणे म्हणायची, "तीनशे तीन." काका स्वतःच्या नावाचा चिंचोका स्वतः टाकायचे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही या तिच्या रीतीतही ते नेमकं बसायचं. मी एकदा काकांना विचारलं, तुम्ही इथेच तर आहात, मग मिसकॉल कशाला? काका म्हणाले, एकदा विसरलो होतो. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला समजलं.

आमच्या कंपनीत फोन आत न्यायला बंदी होती. गेटवरच्या कप्प्यांत ठेवायचे. त्यामुळे चारच्या चहाला आम्ही सातजण चहा सोडून गेटकडे चालत जायचो, कप्प्यातून फोन काढायचो, एक रिंग द्यायचो, फोन परत ठेवायचो आणि माघारी यायचो. नवीन आलेल्या मॅनेजरसाहेबांनी हे आठवडाभर खिडकीतून पाहिलं. सात माणसं, रोज एकाच वेळी, एकाच नंबरला, एक शब्द न बोलता. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं की हा सट्ट्याचा प्रकार आहे का. मी म्हणालो, नाही साहेब, बोंबलाचा. त्यांचं समाधान झालं नाही. मग मी त्यांना एक संध्याकाळ पाहुणा म्हणून घेऊन गेलो, अर्थात दोन मिसकॉल देऊन. पुढच्या सोमवारपासून गेटवर आम्ही आठजण होतो.

या पद्धतीतला सगळ्यात मोठा गोंधळ चारशे सातने घातला. चारशे सात म्हणजे जळगावकडचा एक इलेक्ट्रिशियन, स्वभावाने गरीब, फोन मात्र भलामोठा, काचेचा. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. त्याने चार वाजता मिसकॉल दिला, फोन तसाच पँटच्या खिशात कोंबला आणि मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून शिरगावला गेला, किल्ला बघायला. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला खिशातल्या फोनने मावशीला पुन्हा रिंग दिली आणि पुढच्या खड्ड्याला तोडली. बोईसरला पातेलीत फोन घुमतोय, मावशी म्हणतेय "चारशे सात", काका चिंचोका टाकतायत. असे नऊ झाले.

रात्री आठ वाजता चारशे सात शीळ घालत एकटा आला. मावशीने त्याच्या मागे पाहिलं. मग दारातून वाकून गल्लीत पाहिलं. मग शांतपणे विचारलं, बाकीचे आठ कुठं हायत? आधी त्याला काही उमगेना. उमगलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. खड्ड्यांचं कारण तिला सांगून उपयोग नव्हता. मावशी रागावली नाही, हातात डाव घेऊन नुसती बसून राहिली. बिचारा नाक्यावर धावला. अर्ध्या तासात त्याने आठ माणसं गोळा करून आणली. दोन रिक्षावाले, बंद होत असलेल्या कटिंगच्या दुकानातला कारागीर, एटीएमचा वॉचमन, गोरखपूरचे तीन मजूर ज्यांना वाटलं की लग्न आहे, आणि एक गृहस्थ ज्यांनी जेवून झाल्यावर सांगितलं की ते स्टेशनचा रस्ता विचारत होते. मावशीने सगळ्यांना पोटभर वाढलं. वाटी रिकामी झाली तेव्हा ती स्वतः जेवायला बसली. त्या दोन रिक्षावाल्यांचे शेवटचे तीन आकडे आजही मला पाठ आहेत, इतके ते नंतर नेमाने येत राहिले.

तर असा तो फोन. राखाडी रंगाचा, बिजागरीला रबरबँड गुंडाळलेलं, पाचचं बटण पिठाने बुजलेलं. बॅटरी आठवडाभर पुरायची. दोनदा माडीवरून पडला. एकदा तर उकळत्या आमटीत पडला. मावशी वाकून चव बघत होती, आणि कमरेच्या पिशवीचं तोंड उघडं होतं. तिने तो झाऱ्याने काढला, पुसला, सुटा केला आणि घरामागे बोंबील वाळत घालायच्या दोरीवर बोंबलांच्या ओळीत कापडात बांधून टांगला. दोन दिवस मेस बंद. दारावर काकांनी खडूने लिहिलं होतं, "फोन आजारी हाय." तीस माणसांनी दोन दिवस वडापाव खाल्ला आणि येता-जाता दोरीकडे बघून चौकशी केली. तिसऱ्या दिवशी चार वाजता काकांनी भीत भीत मिसकॉल दिला. वाजला. आवाज थोडा घशातून यायचा, आणि पुढे कित्येक दिवस त्याला कोकमाचा वास होता, पण वाजला.

सफाळ्याला दिलेल्या तिच्या मुलीने हे ऐकून आईला काचेचा फोन आणून दिला. मावशीने दोन दिवस तो प्रामाणिकपणे वापरला. पहिल्या दिवशी तिचा ओला अंगठा लागून फोन उचलला गेला, आणि पलीकडे दोनशे हा मनुष्य इतका दचकला की "सॉरी, राँग नंबर" म्हणून त्याने फोन ठेवला आणि उपाशी राहिला. दुसऱ्या दिवशी त्या फोनने कुणाचे दोन मिसकॉल एका ओळीत गुंडाळून दाखवले आणि एक पाहुणा गिळून टाकला. तिसऱ्या दिवशी काचेचा फोन काकांकडे गेला. त्यावर ते होड्यांचे व्हिडिओ बघायला लागले.

आता मला माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी. ती टाळता आली असती तर बरं झालं असतं.

दुसरं वर्ष चालू होतं. मी चार वाजता नेहमीप्रमाणे मिसकॉल दिला. पाच वाजता लॅबच्या साहेबांनी जाहीर केलं की मोठी ऑर्डर मिळाली, आज लॅबला पालघरच्या हॉटेलात पार्टी; मावशीकडे जेवणारा लॅबमधला मी एकटाच होतो. मला मिसकॉल आठवला नाही असं नाही. आठवला. पण मनात म्हटलं, एका ताटाचं काय, महिन्याचे पैसे तर आपण भरतोच. आम्ही पालघरला गेलो, रोट्या खाल्ल्या, पनीर खाल्लं, आइस्क्रीमही खाल्लं. खोलीवर येऊन मी गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी मी चारला मिसकॉल दिला आणि आठला जाऊन बसलो. सगळ्यांना ताटं आली, मला नाही. मी हसत विचारलं, माझं? मावशी भात उपसत होती. वर न बघता ती म्हणाली, "तुझा चिंचोका नाय."

मी तसा तापट माणूस. मला राग आला. मी चारचौघांत बोललो, की एक दिवस आलो नाही तर एवढं काय, कालच्या ताटाचे वेगळे पैसे घे हवे तर. ती भात उपसत राहिली. पंधरा-वीस माणसं माना खाली घालून जेवत होती. मी उठलो आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने काका लसणाची टोपली घेऊन माझ्या शेजारी आले. त्यांनी मूठभर लसूण माझ्यापुढे टाकला, म्हणून मी सोलू लागलो. आणि त्या दिवशी काकांनी त्यांचे वीस शब्द ओलांडले.

ते म्हणाले, ती काल जेवली नाय. मला आधी समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. बोटीवर असताना परतीच्या वाटेवर किनारा जवळ आला की फोनला टॉवर गावायचा. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून नुसता एक मिसकॉल द्यायचा. म्हणजे आलो, भात टाक. दांडीला घरोघरी तेव्हा असंच चालायचं. एकदा काकांनी असाच मिसकॉल दिला आणि त्यानंतर इंजिन बंद पडलं. वारं उलटं. बोट वाहवत गेली ती टॉवरच्या बाहेर. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या बोटीने ओढून त्यांना किनाऱ्याला लावलं. काका घरी आले तर ताट वाढलेलं, आणि ती ताटासमोर बसलेली, आदल्या संध्याकाळपासून. भात वाळून त्याचे दाणे सुटे झाले होते.

काका पाकळी टोपलीत टाकून म्हणाले, "तुमाला वाटतं मिसकॉल म्हंजे जेवनाची आर्डर हाय. तिच्यासाटी तो माणूस निंगालाय. निंगालेला माणूस पोचला नाय तवर ती कशी जेवंल?"

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. पनीर आठवलं आणि आणखीच वाटली. मी आत जाऊन माफी मागायला उठलो तर काकांनी मान हलवली. बोलून काही होणार नाही, ते म्हणाले, ती बोलणं ऐकत नाय.

मग काय ऐकते, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर मी बार्शीच्या डोक्याने काढलं, म्हणजे हट्टाने. दुसऱ्या दिवशी चारला मिसकॉल दिला. चिंचोका पडणार नाही हे माहीत होतं. तरी आठ वाजता बरोबर गेलो, ओट्यावर बसलो, लसूण सोलला आणि सगळे जेवून गेल्यावर उठलो. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी पुढच्या पाळीचा रिलिव्हर आला नाही म्हणून डबल ड्यूटी लागणार होती. मी लॅबच्या साहेबांच्या हातापाया पडून अर्ध्या तासाची सुट्टी घेतली, जाऊन ओट्यावर बसून आलो. साहेबांना कारण सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं की पण तुला जेवायला देत नाहीत ना? मी म्हणालो, नाही. मग कशाला जातोस? मी म्हणालो, मिसकॉल दिलाय.

आठव्या दिवशी मी ओट्यावर टेकत होतो तेवढ्यात आतून हाक आली, "साशे बारा, हात धू." आत माझं ताट होतं. त्यात तळलेले बोंबील होते, इतरांपेक्षा दोन जास्त. त्यानंतरच्या तीन वर्षांत माझा एकही मिसकॉल खोटा गेला नाही. तापात जाऊन मी फक्त पेज प्यालोय, पण गेलोय.

मग मला वापीला बरी नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी पेढे घेऊन गेलो. मला वाटलं होतं, मावशी दोन शब्द बोलेल, डोळे पुसेल. तिने पेढ्याचा पुडा काकांकडे दिला, हात पुसले आणि मला बजावलं. "तिकडं जाऊन चार वाजता मिसकॉल देऊ नको हां. आठवण आली म्हणून बी देऊ नको. इथं भात पडतो." मी हो म्हणालो. ट्रेनमध्ये बसल्यावर मला वाईट वाटलं, की पाच वर्षांत आपण काय झालो, तर एक चिंचोका. पण तिचा शब्द मी पाळला. वापीला कित्येकदा चार वाजता हात फोनकडे गेला, आणि मी तो मागे घेतला. गुजरातचा नवा नंबर घेतला, जुना बंद झाला. लग्न झालं, मुलगी झाली. चार वर्षं गेली.

मागच्या महिन्यात एका दाखल्यासाठी मला पालघरच्या कचेरीत यावं लागलं. काम दिवसभर पुरेल असं धरून आलो होतो, ते चक्क साडेतीनला संपलं. पालघर स्टेशनवर वापीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो. समोर घड्याळ होतं. चार वाजून पाच मिनिटं झाली. बोईसर तर वाटेतच. मी स्वतःला दोनदा विचारलं, नक्की जाणार? तिसऱ्यांदा विचारायच्या आत नंबर लावला होता. तो नंबर फोनमध्ये नव्हता, बोटांत होता. एक रिंग झाली. तोडला. निदान फोन जिवंत आहे, एवढं कळलं, आणि मला इतका आनंद झाला की बाकावरच्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं.

आनंद ओसरायला दोन मिनिटं लागली. हा नंबर नवा होता. शेवटचे आकडे आठशे पाच. मावशीला सहाशे बारा माहीत. आठशे पाच कोण? नवीन माणसाने आधी समक्ष येऊन आकडे सांगायचे, ही तिथली रीत. अनोळखी नंबरला चिंचोका पडत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. म्हणजे आता मी आठ वाजता तिथे उगवणार आणि चारचौघांत पुन्हा तेच वाक्य ऐकणार. दुसरा मिसकॉल देऊन उपयोग नव्हता, त्याचा अर्थ पाहुणा. बोलायला फोन लावावा तर ती उचलणार नाही. आणि जाऊच नये, तर दिलेल्या मिसकॉलचं काय? आठ दिवस ओट्यावर बसून कमावलेलं मी एका रिंगेत घालवून बसलो होतो. बायकोला फोन करून सांगितलं की यायला उशीर होईल. तिने विचारलं, काय काम निघालं? मी म्हणालो, जेवायला जातोय, पण जेवायला मिळेल की नाही माहीत नाही. ती म्हणाली, मग घरीच या ना. तिचंही बरोबर होतं.

बोईसरला उतरलो, इकडेतिकडे फिरलो, दोन चहा घेतले. गाव ओळखू येईना इतक्या इमारती झाल्यात. साडेआठ वाजत आले तेव्हा धीर करून त्या गल्लीत शिरलो. जाणूनबुजून उशीर केला होता, की नाही म्हणाली तर निदान सगळ्यांसमोर नको. ओटा तसाच होता. जेवणारे हात धुऊन निघत होते, सगळे नवे चेहरे. काका भिंतीला टेकून बसले होते, आणखी वाकलेले. मावशी दारातच बसली होती, गल्लीकडे तोंड करून. केस पांढरे झाले होते. पुढ्यात पातेली, पातेलीत तोच राखाडी फोन, रबरबँड तेवढं नवीन.

तिने मला बघितलं आणि लगेच ओळखलं. "साशे बारा? तू कवा आलास?" चेहरा क्षणभर खुलला, मग तिने कपाळाला आठी घातली. तिने जरा अवघडून सांगितलं की आज तुझा मिसकॉल नव्हता रे. ताट तर एकच राहिलंय, आणि ते कोणाचं तरी आहे. तो अजून आलेला नाही. "तुझा चिंचोका नाय, बाबा."

मी वाटीत पाहिलं. वाटीत एक चिंचोका होता.

मी विचारलं, हा कोणाचा? ती म्हणाली, ठावं नाय. नवीन नंबर हाय, आठशे पाच. मी म्हणालो, मावशी, अनोळखी नंबरलाही तू चिंचोका टाकतेस? तिला प्रश्नच कळला नाही असं तिने माझ्याकडे बघितलं.

"येकदा वाजून तुटला," ती म्हणाली. "फोन कंपनीवाल्यांचे वाजत राहतात, हा तुटला. म्हंजे कोनतरी निंगालाय."

काका भिंतीकडून म्हणाले की असे कधी कधी येतात, चुकून लागलेले. मग कोणी येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते ताट काका खातात. मी विचारलं, आणि मावशी? काकांनी नुसतं दाराकडे बोट केलं, ती बसली होती तिथे.

खरं सांगायचं तर मी तिथे थोडा हिरमुसलो. पालघरपासून मी हाच विचार करत आलो होतो की तिला मी आठवतो का, माझा चिंचोका पडेल का. आणि इथे ही बाई ज्याचं नावगाव माहीत नाही अशा माणसासाठी साडेआठपर्यंत उपाशी बसलेली. मी नसतो, दुसरा कोणी असता, तरी अशीच बसली असती. मग मला दांडीचं ते भात वाळलेलं ताट आठवलं, आणि हिरमुसलेपण कुठल्या कुठे गेलं.

मी म्हणालो, मावशी, आठशे पाच मीच.

तिचा विश्वास बसला नाही. ती म्हणाली, लाव. मी फोन काढून एक रिंग दिली. पातेलीत तोच घशातला आवाज घुमला. तिने कोपराने फोन उघडला, डोळ्यांजवळ नेऊन आकडे नीट वाचले, आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हा मोजत नाय," आणि फोन टक्कन मिटला.

काकांनी वाटीतला चिंचोका उचलून बरणीत टाकला. मी हात धुतले. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली, दोनदा "आठशे पाच, आठशे पाच" असं पुटपुटली आणि माझं ताट वाढायला घेतलं. बोंबील होते. मी बसलो तेव्हा तिने फळीवरून आणखी एक ताट काढलं, त्यात स्वतःला भात वाढला आणि माझ्यासमोर जेवायला बसली.